मुरूम पाणी पिऊन जातात का?

गेल्या उन्हाळ्यात विहारातली महिलांची बैठक संपली आणि वस्तीतल्या एक भगिनी आपल्या मुलीला घेऊन आमच्यापाशी थांबल्या. मुलगी बारावीत शिकणारी. एवढा उकाडा असूनही ओढणी गालांवरून घट्ट गुंडाळलेली. आई म्हणाली, "ताई, तुम्हीच सांगा हिला. पाणी पीत नाही, म्हणून तोंडाचं असं झालंय. घरात सांगून सांगून दमलो आम्ही."

मुलगी खाली मान घालून उभी होती. आई बाकीच्या बायकांशी बोलायला वळली, तशी ती हळू आवाजात म्हणाली, "मावशी, मी प्यायले ना. मोबाईलवर सांगितलं होतं तसं दीड महिना रोज चार लिटर प्यायले. मुरूम होते तेवढेच राहिले. आणि कॉलेजच्या संडासाला कडी नाही. मग दिलं सोडून."

त्या दिवशी आम्ही तिला जे सांगितले, तेच आज या पानावर सविस्तर लिहीत आहोत. कारण ही एका घरातली गोष्ट नाही. 'पाणी पी, चेहरा साफ होईल' हे वाक्य घरोघरी ऐकू येते. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ऐकणाऱ्या मुलीला ते वेगळेच लागते. आपला चेहरा आपल्याच आळसाने बिघडला, असे ती समजून बसते.

म्हणून आधी सरळ उत्तर देतो. शरीराला लागते तेवढे पाणी प्यायलाच हवे. पण जास्त पाणी प्यायल्याने मुरूम बरे होतात, याला वैद्यकशास्त्रात भक्कम पुरावा नाही. मुरमांच्या बाबतीत पाण्याचा उपयोग आहे तो तोंड धुण्यापुरता, आणि तोही बेताने. मुरूम बरे करण्याचे मुख्य काम औषधाचे आहे.

मुरूम येतात कशाने?

आपल्या त्वचेत केसांच्या मुळाशी तेल तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. हे तेल त्वचेला मऊ ठेवते. वयात येताना मुलामुलींच्या शरीरात काही संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, वाढतात. त्यामुळे या ग्रंथी मोठ्या होतात आणि जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी त्या बारीक छिद्राच्या तोंडाशी त्वचेच्या मेलेल्या पेशी चिकटून बूच बसल्यासारखे होते. तेल आत अडकते. त्वचेवर नेहमीच राहणारे एक प्रकारचे जंतू त्या अडकलेल्या तेलात वाढतात. मग ती जागा लाल होते, सुजते, दुखते, कधी पू धरते. यालाच आपण मुरूम, पुटकुळ्या किंवा पिंपल्स म्हणतो. पुस्तकात त्याला तारुण्यपिटिका म्हणतात.

चेहरा, छाती, पाठ आणि खांदे या ठिकाणी तेलाच्या ग्रंथी जास्त असतात. म्हणून मुरूमही तिथेच जास्त येतात. या वयात बहुतेक सगळ्यांना ते कमी-जास्त येतातच. आईवडिलांना खूप आले असतील, तर मुलांनाही जास्त येण्याची शक्यता असते.

या सगळ्यात घाण कुठे आहे? कुठेच नाही. नाकावर दिसणारे काळे ठिपके पाहून आपल्याला वाटते की मळ साचला. तो मळ नसतो. छिद्रात अडकलेल्या तेलाला आणि पेशींना हवा लागून ते काळे दिसतात. म्हणून 'तोंड नीट धुत नाहीस' हे म्हणणेही चूक आहे. मुरूम अस्वच्छतेचा रोग नाही, आणि तो एकाचा दुसऱ्याला लागतही नाही.

प्यायलेले पाणी जाते कुठे?

आपण पाणी पितो ते आतड्यातून रक्तात जाते आणि सगळ्या शरीरात फिरते. जास्तीचे पाणी मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. शरीरातला टाकाऊ माल काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात, चेहऱ्यावरची छिद्रे नव्हे. त्यामुळे 'पाणी प्यायले की विष बाहेर पडते आणि तोंड साफ होते' हे ऐकायला पटते, पण शरीराचा कारभार तसा चालत नाही. तेलाच्या ग्रंथी हार्मोन्सच्या हुकमावर चालतात. चार ग्लास पाणी जास्त पोटात गेले म्हणून त्या तेल कमी करत नाहीत.

मग पाणी कमी प्यायले तरी चालेल का? अजिबात नाही. फक्त त्याचे कारण वेगळे आहे.

आपल्या वस्तीतल्या कितीतरी मुली आणि बाया मुद्दाम पाणी कमी पितात. सार्वजनिक संडासाला रांग असते. रात्री दिवा नसतो. शाळा-कॉलेजच्या संडासाला कडी नसते, पाणी नसते. घरकामाला जाणाऱ्या आमच्या भगिनींना मालकिणीच्या घरचा संडास वापरू देत नाहीत. म्हणून सकाळी घरून निघताना घोटभर चहा, आणि मग थेट संध्याकाळी पाणी. याचा परिणाम चेहऱ्यावर नाही, तर मूत्रमार्गावर होतो. लघवीला जळजळ, वारंवार जंतुसंसर्ग, मूतखडा, उन्हाळ्यात चक्कर आणि डोकेदुखी. लघवी तासन् तास दाबून ठेवल्याने संसर्गाचा धोका आणखी वाढतो.

म्हणून पाणी प्यावे ते या कारणासाठी. मोठ्या माणसाला साधारण आठ ग्लास, म्हणजे दोन लिटरच्या आसपास पाणी लागते. उन्हात काम करणाऱ्याला, कारखान्यात भट्टीजवळ उभे राहणाऱ्याला, अंगावर पाजणाऱ्या आईला त्याहून जास्त. ग्लास मोजत बसण्यापेक्षा लघवीचा रंग पाहा. फिकट पिवळी असेल तर पाणी पुरते आहे. गडद पिवळी, वास मारणारी असेल तर कमी पडते आहे. पाणी एकदम ढोसू नका, दिवसभर थोडे थोडे प्या. हट्टाने थोड्या वेळात कित्येक लिटर पाणी प्यायल्यास रक्तातले सोडियम उतरून मळमळ, डोकेदुखी, अगदी फिटसुद्धा येऊ शकते. ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार आहे त्यांनी पाण्याचे माप डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

त्या मुलीला आम्ही एवढेच म्हणालो, "चार लिटरची गरज नाही. पण दोन लिटर सोडू नकोस. मुरमांसाठी नाही, तुझ्या मूत्रपिंडासाठी. आणि संडासाच्या कडीचं आपण कॉलेजात जाऊन बोलू. ते काम तुझ्या एकटीचं नाही."

दोन तांबे पाणी

आता तोंड धुण्याचे पाणी. आपल्याकडे पहाटे नळाला तासभर पाणी येते आणि तेवढ्यात घरातली पिंपे, हंडे, कळशा भरायच्या असतात. अशा घरात 'दिवसातून पाच वेळा तोंड धू' हा सल्ला निरुपयोगी आहे. सुदैवाने तो सल्ला चूकही आहे. तोंड दिवसातून दोन वेळा धुतले की पुरे. एकदा सकाळी, एकदा रात्री झोपण्यापूर्वी. खूप घाम आला, बाहेरून धुळीतून आलात, तर आणखी एकदा. याला लागते किती पाणी? सकाळी एक तांब्या, रात्री एक तांब्या.

पद्धत अशी ठेवा :

आधी हात साबणाने धुवा. मग साध्या किंवा कोमट पाण्याने चेहरा ओला करा. कढत पाणी नको, त्याने त्वचा जास्त कोरडी पडते.

सौम्य फेसवॉश किंवा सौम्य साबण बोटांच्या टोकांनी हलक्या हाताने फिरवा. वजरी, काथ्या, खरखरीत कापड, दाणेदार स्क्रब चेहऱ्याला लावू नका. घासल्याने मुरूम जात नाहीत, ते आणखी सुजतात.

उरलेल्या पाण्याने साबण पूर्ण निघेल असे धुवा. केसांच्या कडेला, कानाजवळ आणि हनुवटीखाली साबण राहून जातो, तिकडे लक्ष द्या.

स्वच्छ मऊ कापडाने टिपून घ्या, रगडून पुसू नका. सगळ्या घराचा एकच टॉवेल असेल तर जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा एक तुकडा चेहऱ्यासाठी वेगळा ठेवा आणि दोन दिवसांआड धुऊन उन्हात वाळवा.

कपड्यांचा साबण किंवा खूप कडक अंगाचा साबण चेहऱ्याला नको. आपल्या त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, आणि साधा साबण चांगलाच अल्कधर्मी असतो. तो वरचेवर लावला की त्वचा ताणल्यासारखी, कोरडी, खाजरी होते. अशी त्वचा मुरमांची औषधे नीट सोसत नाही.

पाणी जड असेल तर त्रास आणखी वाढतो. बोअरवेलच्या आणि काही टँकरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरे किटण चढते, ही जड पाण्याची खूण. अशा पाण्यात साबणाचा चिकट थर त्वचेवर राहून जातो. तुरटी फिरवल्याने पाण्यातला गाळ बसतो, पण पाणी हलके होत नाही. उकळून गार केल्याने काही क्षार खाली बसतात. घरी दोन्ही प्रकारचे पाणी येत असेल तर नळाचे पाणी चेहऱ्यासाठी राखून ठेवा. जडच पाणी असेल तर साबण अगदी थोडा घ्या आणि तो निघून जाण्यासाठी अर्धा तांब्या जास्त वापरा.

पिंपातले पाणी झाकून ठेवा आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढा. पिंपात हात घालू नका. हा नियम चेहऱ्याइतकाच पोटासाठीही आहे.

पाण्याच्या या हिशोबात एक गोष्ट सांगायला हवी. मुंबईत इमारतीत राहणाऱ्या माणसासाठी रोज १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसासाठी ४५ लिटर, असा महापालिकेचा मापदंड राहिला आहे. डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की पाणी मिळणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि वस्ती अनधिकृत आहे म्हणून तो नाकारता येत नाही. १९२७ चा चवदार तळ्याचा इतिहास घरोघरी सांगणाऱ्या आपल्या समाजाला हे वेगळे समजावून द्यायला नको. तोंड धुवायला मुलीला दोन तांबे पाणी लागते, ती चैन नव्हे. आणि तेवढेही घरात उरत नसेल, तर दोष मुलीचा नाही.

मुरूम बरे करते ते औषध

नीट धुतलेल्या चेहऱ्यावर औषध काम करते. नुसते धुऊन मुरूम जात नाहीत. सौम्य ते मध्यम मुरमांसाठी दोन औषधे जगभर वापरली जातात आणि ती आपल्याकडेही मिळतात.

पहिले, बेंझॉइल पेरॉक्साइड. हे मुरमांतले जंतू मारते. सुरुवात २.५ टक्क्यांच्या जेलने करावी. याने कपड्यांचा, उशीच्या अभ्र्याचा आणि टॉवेलचा रंग उडतो, म्हणून शाळेचा गणवेश जपावा.

दुसरे, अडॅपलीन. हे छिद्राच्या तोंडाशी बसणारे बूच होऊ देत नाही. हे रात्री लावायचे. वाटाण्याएवढे घेऊन पूर्ण चेहऱ्यावर पातळ पसरायचे, फक्त मुरमावर ठिपका द्यायचा नाही. डोळे, ओठ आणि नाकपुड्यांचे कोपरे सोडायचे. गरोदर असताना किंवा दिवस राहण्याची शक्यता असताना हे लावू नये.

ही औषधे आमच्या सांगण्यावरून परस्पर आणू नका. डॉक्टरांना चेहरा दाखवून, कोणते आणि किती ते विचारून घ्या. आम्ही नावे दिली ती तुम्हाला चिठ्ठी वाचता यावी म्हणून.

इथे पुन्हा पाण्याचा संबंध येतो. तोंड धुतल्यावर चेहरा पूर्ण कोरडा होऊ द्या, मगच औषध लावा. ओल्या त्वचेवर लावल्यास आग जास्त होते. पहिले दोन-तीन आठवडे त्वचा कोरडी पडते, थोडे साल निघते. बऱ्याच मुली इथेच घाबरून औषध सोडतात, किंवा 'पाणी कमी पडतंय' म्हणून पाणी पीत सुटतात. हा कोरडेपणा वरच्या थराचा असतो, तो वरूनच भरून काढावा लागतो. त्यासाठी तेलकट नसलेले साधे मॉइश्चरायझर लावावे. त्यावर 'नॉन-कॉमेडोजेनिक' लिहिलेले असेल तर उत्तम. त्याचा अर्थ छिद्रे न बुजवणारे. तरी आग सोसत नसेल तर औषध एक दिवसाआड लावावे.

आणि धीर धरावा. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला बारा आठवडेही लागतात. चार दिवसांत चेहरा लख्ख करणारे मलम कोणी देत असेल, तर तिथेच सावध व्हा.

चार दिवसांत लख्ख करणारी ट्यूब

आमच्याशी बोलता बोलता त्या मुलीने दप्तरातून एक ट्यूब काढली. पाण्याने काही होईना म्हणून वस्तीच्या नाक्यावरच्या मेडिकलमधून मैत्रिणीच्या सांगण्यावरून आणलेली. डॉक्टरची चिठ्ठी कोणी मागितली नव्हती. "पहिल्या आठवड्यात एकदम मस्त झालं होतं," ती म्हणाली. "रंगपण उजळला. बंद केली की तोंड आगीसारखं जळतं आणि आधीपेक्षा जास्त येतात. म्हणून परत लावते."

आम्ही ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचली. त्यात स्टेरॉइड होते.

स्टेरॉइड मलम हे काही आजारांवर उपयोगी औषध आहे, पण डॉक्टरने सांगितलेल्या जागी आणि सांगितलेले दिवसच. चेहऱ्यावर महिनोन् महिने लावले तर ते त्वचा पातळ करते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते, उन्हात गेले की भाजल्यासारखे होते आणि मुरूम उलट वाढतात. बंद केले की आग होते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. दारूच्या व्यसनासारखे हे चक्र आहे.

भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी देशातल्या अनेक रुग्णालयांत मिळून केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड मलम लावत होते. गोरे होण्यासाठी आणि मुरूम घालवण्यासाठी लावणारे त्यात मोठ्या संख्येने होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमे शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही ती मिळतात, हे आपण सगळे जाणतो.

ओळखायचे कसे? ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव आहे का पाहा. चिठ्ठीवरच विकण्याची सूचना छापली आहे का पाहा. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. ही ट्यूब लावून बराच काळ झाला असेल तर लाज न धरता ती बरोबर घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ते हळूहळू सोडवतात, आणि त्वचा सुधारते.

यात रंगाचा प्रश्नही गुंतलेला आहे. लग्नाच्या बाजारात, नोकरीच्या मुलाखतीत सावळ्या मुलीला जे ऐकावे लागते, त्यावर ही ट्यूब खपते. मुरूम बरा करायला गोरे व्हावे लागत नाही. सावळ्या त्वचेवर मुरूम गेल्यावर काळे डाग काही महिने राहतात हे खरे. ते हळूहळू फिके होतात. मुरूम नखाने फोडले नाहीत आणि दुपारच्या उन्हात छत्री किंवा ओढणी घेतली, तर लवकर फिके होतात.

बैठकीत विचारलेले प्रश्न

टूथपेस्ट, लिंबू, सोडा लावू का? नाही. तिन्हींनी त्वचा भाजते आणि डाग पडतो.

मुलतानी मातीचे काय? ती तेल शोषते, म्हणून थोडा वेळ बरे वाटते. पण मुरूम बरे होत नाहीत. औषध सुरू असताना लावल्यास त्वचा फार कोरडी पडते.

केसाला तेल लावावे का? लावा, पण बेताने. कपाळावर ओघळलेले तेल छिद्रे बुजवते आणि केसांच्या कडेने पुरळ उठते. रात्री तेल लावून झोपत असाल तर केस वर बांधा आणि उशीचा अभ्रा वरचेवर धुवा.

खाण्यापिण्याने फरक पडतो का? खूप साखर आणि मैद्याचे पदार्थ काहींचे मुरूम वाढवतात, असे दिसून आले आहे. बाटलीतले गोड थंड पेय म्हणजे पाणी नव्हे. तहानेला पाणीच प्या, नाहीतर बिनसाखरेचे ताक. भाकरी, डाळ, भाजी, अंडी बिनधास्त खा.

घामाने मुरूम येतात का? घाम चेहऱ्यावर वाळू दिला, टोपीचा किंवा हेल्मेटचा पट्टा घासत राहिला तर वाढू शकतात. कामावरून आलात की आधी तोंड धुवा.

डॉक्टरकडे केव्हा?

गाठीसारखे मोठे, दुखरे मुरूम असतील, खड्डे पडू लागले असतील, छाती-पाठीवर पसरले असतील, तर थांबू नका. खड्डा पडल्यावर तो भरून काढणे अवघड आणि महाग. मुलीची पाळी दोन-दोन महिने चुकत असेल आणि हनुवटीवर केस वाढत असतील, तर हार्मोन्सची तपासणी लागेल. मुलगी किंवा मुलगा मुरमांमुळे शाळेत जायचे टाळत असेल, आरशात बघत रडत असेल, तर मुरूम थोडेच असले तरी डॉक्टरकडे न्या. महापालिकेच्या आणि सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो, तिथे केसपेपर काढून दाखवता येते. औषध महाग वाटले तर जनऔषधी केंद्रात त्याच घटकाचे स्वस्त औषध आहे का ते विचारा.

डॉक्टर पोटात घ्यायच्या गोळ्या देतील तर त्या अर्ध्यावर सोडू नका. आयसोट्रेटिनोइन नावाची गोळी गर्भाला गंभीर इजा करते. ती चालू असताना दिवस राहता कामा नयेत. लग्न झालेल्या किंवा ठरलेल्या मुलीने ही गोष्ट डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून घ्यावी.

पुन्हा त्या मायलेकी

त्या दिवशी आम्ही आईला जवळ बोलावले आणि मुलीसमोरच सांगितले, की हिने काही चूक केलेली नाही. आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझी आईसुद्धा मला हेच म्हणायची. मीपण तेच म्हणत आले."

पुढच्या आठवड्यात दोघी सरकारी रुग्णालयात जाऊन आल्या. ट्यूब सोडवताना पहिला महिना वाईट गेला. चेहरा लाल झाला, आधीपेक्षा जास्त मुरूम आले, आणि मुलगी दोनदा म्हणाली की जुनी ट्यूबच बरी होती. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवले होते, म्हणून आईने धीर दिला. चौथ्या महिन्यात फरक दिसू लागला. डाग अजून आहेत. मुरूमही पूर्ण गेलेले नाहीत, अधूनमधून एखादा येतो.

परवा बैठकीला दोघी आल्या तेव्हा ओढणी खांद्यावर होती. आई सांगत होती, की पहाटे नळ आला की ती आधी दोन तांबे भरून मोरीच्या कट्ट्यावर झाकून ठेवते, मग पिंपाला पाइप लावते. कॉलेजच्या संडासाला आता कडी बसली आहे. त्यासाठी आम्हाला तीन वेळा जावे लागले. पाण्याचा प्रश्न मात्र तिथे अजून तसाच आहे, आणि आम्ही पुन्हा जाणार आहोत.

निघताना आईने विचारले, "ताई, आता धाकट्यालाही यायला लागलेत. त्याला काय सांगू?"

आम्ही म्हणालो, "तेच. सकाळी एक तांब्या, रात्री एक तांब्या. वजरी लावू नको, नखाने फोडू नको. आणि महिन्याभरात कमी नाही झाले, तर दोघं मिळून त्याला दवाखान्यात न्या. मेडिकलमध्ये नको."